चमच्याने उघडणारी खोली

आमच्या घरातली मागची खोली चमच्याने उघडते. पाहुण्यांना हे समजावून सांगावं लागतं, म्हणून आम्ही पाहुण्यांना तिथपर्यंत जाऊच देत नाही. काही वर्षांपूर्वी त्या दाराची बाहेरची मूठ बायकोच्या हातात आली, आतली त्याच धक्क्याने आत पडली, आणि दारात उरलं एक चौकोनी भोक. ‘उद्या सुताराला बोलावतो,’ असं मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी एका स्टीलच्या चमच्याची दांडी कानशीने घासून त्या भोकात बसेल अशी केली. माझ्या हातून या घरात झालेली ही एकमेव दुरुस्ती. सुताराचा विषय तिथेच मिटला. चमचा बाहेरून भोकात खोचलेला असतो. फिरवायचा, आत जायचं आणि दार मिटू नये म्हणून त्याला एक गठ्ठा टेकवायचा. गठ्ठा जुन्या कॉमिक्सचा. खोलीतलं बाकी सगळंही जुनी कॉमिक्सच.

त्या दिवशी दुपारी बायको तिच्या वडिलांना आणायला बस स्टँडवर गेली होती. ते राहायला येत होते, आणि या खेपेला परतीचं तिकीट नव्हतं. एकटे राहायचे, गॅस चालू राहिला, शेजाऱ्यांना वास आला, मग तिन्ही भावंडांनी फोनवर बोलून ठरवलं आणि वडिलांना कळवलं. आमच्याकडे मागची खोली आहे हे सगळ्यांच्या लक्षात होतं. त्या खोलीत मी आहे हे कुणाच्या लक्षात नव्हतं, आणि मलाही ते बोलून दाखवणं प्रशस्त वाटेना. संध्याकाळी रद्दीवाला येणार होता. मला एक खोकं ठेवून घ्यायची परवानगी होती.

“एक खोकं म्हणजे केवढं?” मी विचारलं होतं.

“मिक्सरचं,” बायको म्हणाली होती.

बायको दुष्ट नाही. वडिलांना झोपवायचं कुठे, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, तिच्याकडे होतं, एवढंच. मी विमा कंपनीत आहे. ‘आपला दावा मान्य करता येत नाही, याचा खेद वाटतो,’ हे वाक्य वेगवेगळ्या लोकांना लिहून पाठवणं हे माझं काम. तेच वाक्य घरी ऐकताना मला भाषेत काही चूक सापडली नाही.

तर मिक्सरचं खोकं घेऊन मी आत बसलो आणि निवड करू लागलो.

माझी कॉमिक्स कुणाला हवीशी वाटतील अशी नाहीत. पिळदार दंडांचे, उडणारे, जग वाचवणारे नायक माझ्याकडे नाहीत. माझ्याकडे चुंबकमावशी आहे. तवा हातात असताना अंगावर वीज पडली, तेव्हापासून लोखंड तिच्याकडे खेचलं जातं. चोराचा सुरा तिला येऊन चिकटतो, पण वाटेतल्या घरांची भांडीही चिकटतात, त्यामुळे प्रत्येक अंकाच्या शेवटी मावशी घरोघर जाऊन ज्याची त्याला भांडी परत करते. कुणाची कढई कुणाची, यावरून भांडणं होतात. चोराला पकडल्याबद्दल कोणी तिचे आभार मानल्याचं मला आठवत नाही.

माझ्याकडे रांगेतला परग्रहवासी आहे. तो पृथ्वी जिंकायला आला होता. त्यासाठी परवाना लागतो असं त्याला एका कचेरीत सांगण्यात आलं, आणि तो रांगेत उभा राहिला. दर अंकात रांग एका माणसाने पुढे सरकते. चित्रकाराला हात काढता येत नसावेत. त्या मालिकेत सगळ्यांचे हात खिशात असतात. परग्रहवासीयाला तीन हात आहेत आणि तीन खिसे.

ही कॉमिक्स ज्या छापखान्यात निघायची तिथे औषधांची लेबलंही छापत. एखाद्या अंकाच्या मागच्या पानावर ‘दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर’ असं फिकट उमटलेलं असतं. रंग जागेवर बसत नसत. मावशीच्या ओठांचा लाल तिच्या कानावर असायचा, आणि हिरवी शाई संपली की झाडं सरळ निळी. लहानपणी मला वाटे, निळी झाडं मुद्दाम आहेत. अजूनही वाटतं.

बरेचसे अंक आमच्या न्हाव्याच्या दुकानातले. ते वाचता यावेत म्हणून मी इतक्या वेळा केस कापून घेत असे की आईला मला उवा झाल्याचा संशय आला होता. दुकान बंद करताना न्हाव्याने तो सगळा ढीग मला देऊन टाकला. त्या अंकांच्या पानांमध्ये अजून केसांचे बारीक तुकडे सापडतात. त्यातले काही माझेच असणार. आता डोक्यावर त्या रंगाचा एकही नाही.

पुन्हा वाचताना काहीतरी नवीन सापडतं, असं लोक म्हणतात. मला तसलं काही सापडत नाही, आणि म्हणूनच मी वाचतो. पान उलटलं की मावशी खिडकीतून वाकलेलीच असते, कढई हवेतच असते, रांग तेवढीच लांब असते. दिवसभर लोक मला विचारतात, पुढे काय झालं, आमच्या दाव्याचं काय झालं. या खोलीत पुढे काय होणार हे मला आधीच माहीत असतं.

खोक्यात पहिला मान परग्रहवासीयाचा, असं ठरवून मी तो गठ्ठा उचलला. गठ्ठा दाराला टेकवलेला होता हे मला दार मिटल्याचा आवाज आल्यावर आठवलं.

घाबरलो नाही. भोकातून चमच्याची दांडी आत डोकावते, ती बोटांनी धरून फिरवता येते. मी बोट लावलं. भोकातून समोरची भिंत दिसली. फोन पुढच्या खोलीत चार्जिंगला लावलेला. तो वाजला, बराच वेळ वाजला, आणि थांबला.

मग मी परग्रहवासीयाचे दोन-तीन अंक वाचून काढले. रांग पुढे सरकली.

पुढचं दार उघडल्याचा आवाज आला, बॅग टेकवल्याचा आला, मग बायकोच्या हाका. मी परिस्थिती सांगितली.

“दारातला चमचा कुठे आहे?” मी विचारलं.

“निघताना काढून ठेवला, दार उघडंच होतं. बाबा येणार, आणि दारात चमचा खोचलेला. काय म्हणाले असते?”

“कुठे ठेवलास?”

“चमच्यांत.”

तेवढ्यात दारापाशी घसा खाकरल्याचा आवाज आला. माझे सासरे सरकारी लिफ्ट तपासनीस होते. निवृत्त झाल्यावरही ते कोणत्याही इमारतीत शिरताना आधी वर बघतात आणि मान हलवतात.

“आत किती जण आहात?” त्यांनी विचारलं.

“बाबा, मी आहे. एकटाच.”

“घाबरू नका. श्वास नेहमीसारखा घ्या. दार स्वतः उघडायचा प्रयत्न करू नका.”

“उघडता आलं असतं तर आत कशाला बसलो असतो?”

“छान. बोलतायत,” ते बायकोला म्हणाले. “अडकलेला माणूस बोलतोय तोवर काळजी नाही. गप्प झाला की बघायचं.”

बायकोने त्यांना चमच्यांचा खण दाखवला असावा, कारण पुढचा बराच वेळ भोकात एकामागून एक चमचे येऊन गेले. डाव येऊन गेला. एक काटा आला आणि माझ्या डोळ्यासमोर थांबला. बायको म्हणाली, “मी स्क्रू ड्रायव्हरच घालते.” सासऱ्यांनी तिला अडवलं. आतली कळ मोडेल, मग दारच फोडावं लागेल, असं त्यांनी ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजापुढे अख्ख्या इमारतींनी लिफ्ट सोडून जिने चढले असतील.

“मग मी सुताराला घेऊन येते. फोन उचलत नाहीये तो,” बायको म्हणाली. “बाबा, तुम्ही याच्याशी बोलत राहा.”

“तेच करत आलोय जन्मभर.”

ती गेली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“काय करताय, जावईबापू?”

“वाचतोय.”

“मोठ्याने वाचा. मला आवाज येत राहिला पाहिजे.”

हातात मावशीचा शेवटचा अंक होता. तोच वाचायला घेतला. चित्रंही सांगावी लागत होती. मावशीचा वैरी तिला उंच इमारतीतल्या लिफ्टमध्ये बोलावतो. लिफ्ट लोखंडाची. मावशी आत पाऊल टाकते आणि भिंतीला चिकटते. वैरी वर जाऊन दोर कापतो. लिफ्ट खाली कोसळू लागते, मावशीचे केस वर, डोळे मोठे, आणि खाली लिहिलंय, ‘पुढील अंकी’.

“दोर किती दाखवलेत?” सासऱ्यांनी विचारलं.

“बाबा, चित्र आहे.”

“चित्रात किती?”

“एक.”

“एका दोरावर लिफ्ट टांगायला मी परवानगीच दिली नसती. आणि तुटला तरी कोसळत नाही. बाजूच्या रुळांना धरणारे जबडे असतात. हातभर खाली जाते, हिसका बसतो, थांबते. बाई अडकली असेल. मेली नसेल.”

हे वर्णन कोणाचं चाललंय, ते मला क्षणभर कळेना.

“मग काढली कोणी तिला?”

“पुढचा अंक निघालाच नाही. छापखाना बंद पडला.”

ते गप्प झाले, म्हणजे त्यांच्याच नियमाप्रमाणे आता मी बघायला हवं होतं.

“म्हणजे अजून आतच आहे,” ते म्हणाले.

“बाबा, तुम्ही ठीक आहात ना?”

उत्तराऐवजी टकटक ऐकू आली. लाकडावर धातू, हळू, विचार करताना माणूस बोटांनी वाजवतो तशी.

“ते काय वाजतंय?”

“चमचा.”

“कोणता?”

“दांडी घासलेली आहे एका बाजूने. काम ओबडधोबड आहे, पण बसेल.”

“कधी सापडला?”

“खण उघडल्या उघडल्या. वरच होता. खिशात ठेवला.”

मी भोकाला डोळा लावला. दिसला तो त्यांचा गुडघा, आणि पलीकडे बॅग.

“मग उघडा ना, बाबा.”

“उघडलं की तुम्ही बाहेर याल.”

“हो.”

“आणि मला आत जावं लागेल.”

मी भोकापासून डोळा काढला.

“ती बॅगही मी भरलेली नाही,” ते म्हणाले. “थोरल्याने भरून ठेवली होती. काय आहे आत, देव जाणे. मला तिघांपैकी एकाने विचारलं असतं, ‘बाबा, येता का?’ तर मी आलोही असतो. गॅस एकदा राहिला.”

“दोनदा म्हणाले सगळे.”

“दुसऱ्यांदा बंद केला होता. वास आधीचा होता.”

मी विश्वास ठेवला नाही, पण दावा नाकारलाही नाही.

“मला तरी कुठे विचारलं?” मी म्हणालो. “संध्याकाळी रद्दीवाला येतोय. मिक्सरच्या खोक्यात मावेल तेवढं माझं.”

“ठाऊक आहे. येताना म्हणाली, ‘बाबा, खोली तुमच्यासाठी रिकामी करतेय.’ मी विचारलं, काय होतं तिथे? म्हणाली, ‘याचा पसारा.’” मग विचारलं, “किती आहे पसारा?”

“छतापर्यंत.”

“अजून काय वाचण्यासारखं आहे?”

मी त्यांना परग्रहवासीयाबद्दल सांगितलं. कचेरी, परवाना, रांग. सरकारी कचेरीच्या खिडकीच्या आतल्या बाजूला आयुष्य काढलेला तो माणूस बराच वेळ हसला. मी त्यांच्या मुलीशी लग्न केल्यापासून त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही दाराआडून.

जिन्यावर पावलं वाजली. बायको, तिच्या मागे सुतार, आणि त्याच्याही मागे वजनकाटा घेऊन रद्दीवाला. सुताराने दाराकडे पाहून सांगितलं की चौकट कोरावी लागेल. छिन्नी काढल्याचा आवाज मला ऐकू आला. मी खोक्यात बघितलं. अजून अर्धंच भरलं होतं.

“सरका,” सासरे म्हणाले. भोकात दांडी आली, फिरली, आणि दार उघडलं.

“बाबा, हा कुठे मिळाला?” बायकोने विचारलं.

“चमच्यांत.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी खोक्याकडे बघितलं.

सासरे उंबऱ्यावर उभे राहिले. सवयीने वर पाहिलं. फळ्या, गठ्ठे, त्यांच्या मधोमध माणूसभर लांब जागा, तिच्या टोकाला हातरुमालाएवढी खिडकी. लिफ्ट तपासतात तशी त्यांनी ती खोली तपासली.

“इथलं काही हलवायचं नाही,” ते म्हणाले. “कॉट मध्ये बसेल.”

“बाबा, धूळ आहे सगळी. तुम्हाला खोकला होतो.”

“खोकला माझा आहे.”

“मग राहाल ना इथे?” तिने विचारलं. आवाज बारीक झाला होता. ती कागदी पसारा तसाच ठेवायला तयार होती, फक्त त्यांनी हो म्हणायला हवं होतं. तिच्या लक्षात आलं नसेल, पण हा प्रश्न या प्रकरणात कोणी पहिल्यांदाच विचारत होतं.

सासऱ्यांनी माझ्या हातातल्या परग्रहवासीयाकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं.

“राहतो,” ते म्हणाले. नाइलाजाने सही करणाऱ्या माणसाचा आवाज मला ओळखू येतो. मग त्यांनी आत पाऊल टाकलं.

रद्दीवाला नुसती वर्तमानपत्रं घेऊन गेला. सुताराने, आलोच आहे तर नवी मूठ बसवून देतो, असं म्हटलं. सासरे नको म्हणाले. चमचा त्यांनी पुन्हा खिशात टाकला, आणि तो तिथेच असतो.

तर माझी कॉमिक्स वाचली. मिक्सरचं खोकं मिक्सरला परत मिळालं. सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यामुळे मी ऑफिसातून आलो, चहा घेतला, की मला आत बोलावणं येतं. बाहेरचा उजेड डोळ्यावर येतो म्हणून ते दार मिटून घेतात. मी कॉटच्या कडेला बसून वाचतो. चित्रं सांगतो. निळ्या झाडांना त्यांची हरकत आहे. मावशीने भांडी परत करताना पोचपावती का घेतली नाही, असं त्यांनी विचारलंय. ज्या पानांवर मी एकटा, मनात येईल तितका वेळ रेंगाळायचो, तिथे आता ‘पुढे?’ असं ऐकू येतं.

बायको बाहेरून विचारते, “झालं का रे तुमचं?” मी दाराकडे बघतो. भोकातून समोरच्या भिंतीवर स्वयंपाकघरातल्या दिव्याचा उजेड दिसतो. सासरे डोळे मिटून पडलेले असतात, एक हात खिशावर.

“सरकला का तो?” ते विचारतात.

“एकाने.”

“मग वाचा.”