गणकविठ्ठल

वसुमतीबाईंचा पदर खोचलेला दिसला की बंगळुरातल्या बसवनगुडीतली माणसं रस्त्याची पलीकडची बाजू धरत. सदुसष्टच्या आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, सकाळी बाई घरून निघाल्या तेव्हा पदर मोकळा होता. तो खोचायला लावला एका यंत्रानं.

बाई पदं रचत. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. शुक्रवारी भीमाचार्यांच्या घरी भजनाला बायका तीच पदं म्हणत. फक्त शेवटच्या ओळीत, जिथे रचणाऱ्याचं अंकित, म्हणजे गुरूनं ठेवलेलं विठ्ठलाचं नाव यायचं, तिथे सगळ्याजणी "अं अं अं" करून पुढे सरकत. बाईंना अंकितच नव्हतं. ते द्यायचं आचार्यांनी, आणि आचार्य दर वर्षी म्हणत, "स्वल्प थांबा, वसुमतीबाई. योग यावा लागतो." योगाची वाट बघता बघता बाईंचे केस पिकले.

त्यांचा भाचा सुधींद्र एका संशोधन संस्थेत नव्या संगणकावर कामाला होता. पठ्ठ्यानं आत्याच्या चाली कार्डांवर भोकं पाडून यंत्राला भरवल्या आणि त्यांच्यासारखी नवी चाल करायला लावली. यंत्राला गळा नव्हता, म्हणून वर ट्रान्झिस्टर ठेवला. आत आकडेमोड सुरू झाली की रेडिओ खरखरायचा, आणि ती खरखर सुरात बसवण्यात सुधींद्रानं रात्रीचा दिवस केला होता.

संस्थेतल्या पूजेला कर्मचाऱ्यांची घरची मंडळी आली, बाईही आल्या. यंत्रासाठी हॉल इतका गार ठेवलेला की बायकांनी शालूवर स्वेटर चढवले. भीमाचार्यांनी यंत्राला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. कोहळा मात्र संस्थेच्या साहेबांनी बाहेर फोडायला लावला.

सुधींद्रानं बटण दाबलं. डब्यात डास कोंडावा तसा सूर निघाला. पण चाल खरोखर गोड होती. बाईंना ते कबूल करणं जड गेलं. शेवटच्या ओळीला यंत्र नुसतंच घुमलं आणि थांबलं.

"अरेरे!" आचार्य कळवळले. "अंकिताविना पोरकं राहिलं की पद!" त्यांनी डोळे मिटले, यंत्रावर तीर्थ शिंपडलं. "आजपासून याचं अंकित गणकविठ्ठल."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी पदर खोचला.

"आचार्य, योग बरा लगेच आला!"

"बाई, यंत्र निर्मळ असतं. त्याला राग नाही, लोभ नाही, अहंकार नाही."

"वीज गेली की प्राणही नाही! माझ्या चाली गिळून ढेकर दिला त्यानं, आणि तुम्ही ढेकराचं बारसं करता?"

"आत्या, हळू. साहेब बघताहेत."

"तू तोंड उघडू नकोस, सुध्या! ते 'अं अं'सुद्धा कार्डात घातलंस? ती काय चाल वाटली तुला?"

सुधींद्र गोंधळला. "मी लहानपणापासून तसंच ऐकतोय, आत्या. मला वाटलं, पद असंच असतं."

आचार्यांवरचा राग जुना होता, अंगवळणी पडलेला. हा नवा होता, स्वतःवरचा. आपण वाट बघत बसलो आणि आपल्या नावाची रिकामी जागाच पोरं गाणं म्हणून शिकली.

"सरी, सरी, बरं तर," आचार्य घाईनं म्हणाले. "तुम्हालाही देतो. आत्ताच. तीर्थ उरलंय."

"घ्या हो," मागून त्यांच्या पत्नी, गोदूबाई, कुजबुजल्या.

"या कपाटाची धाकटी गुरुबहीण होऊ? नको. ते तीर्थ ट्रान्झिस्टरला द्या, तो राहिलाय."

आणि बाई स्वेटर फेकून, तरातरा चालत बाहेर पडल्या. फुटलेल्या कोहळ्यावरून शिपायासकट सगळे बाजूला झाले.

शुक्रवारी पद शेवटच्या ओळीला आलं. बायकांनी सवयीनं ओठ मिटले. बाईंनी टाळ खाडकन आपटले.

"खबरदार, कुणी 'अं' केलंत तर!"

आणि रिकाम्या जागी त्यांनी खड्या आवाजात घातलं, "वसुमती म्हणे."

मग गोदूबाईंनी घसा साफ केला आणि नवऱ्याच्या घरात, नवऱ्याला ऐकू जाईल असं, तेच म्हटलं. पाठोपाठ सगळ्याजणी.

आतल्या खोलीत आचार्यांना जोराचा ठसका लागला. पाणी द्यायला कुणी उठलं नाही. ओळ अजून संपायची होती.