जावयासाठी मागवलेली बिअर

क्लिफर्ड हॉलरॉयडने लेक जनीन आणि गुरदीप यांच्या लग्नाला जायचं टाळलं, त्याला आठ वर्षं झाली. गुडघा धरलाय असं त्याने कळवलं होतं आणि त्याच दुपारी तो गावच्या हिरवळीवर वाकून वाकून बोल्सचे चेंडू घरंगळवत खेळताना सगळ्यांना दिसला होता. तेव्हापासून जनीनने त्याच्या घरात पाऊल टाकलं नाही. सहा वर्षांची नात, मीना, त्याने फक्त फोटोत पाहिलेली. बायको गेली, घर खायला उठलं, तेव्हा कुठे म्हाताऱ्याला उपरती झाली आणि त्याने पत्र लिहून माफी मागितली. उत्तर आलं: ‘शनिवारी दुपारी गुरदीप आधी एकटा पबमध्ये येईल. मी आणि मीना बाहेर गाडीत बसू. त्याने बोलावलं तर आत येऊ.’

क्लिफर्ड आठवडाभर तयारीत गुंतला. पब चालवणारी मॉरीन गावात नवी. “जावई यायचाय,” असं सांगत तिच्या मागे लागून त्याने थेट भारतातून येणाऱ्या बिअरच्या दोन बाटल्या मागवून घेतल्या. हौस तरी किती!

गुरदीप वेळेवर आला. निळी पगडी, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर जरा धास्ती. टेबलावर क्लिफर्डचे जुने दोस्त रॉय आणि मॉरिस होतेच. त्या दोघांशिवाय पबमध्ये बसायचं क्लिफर्डला माहीतच नव्हतं.

“पहिली फेरी माझी,” क्लिफर्ड हात चोळत उठला. “रॉय, काय घेणार?”

“नेहमीचं. तीस वर्षं तेच विचारतोस.”

“मॉरिस?”

“अर्धाच ग्लास. डॉक्टरने बजावलंय.”

“डॉक्टर काय तुझी लग्नाची बायको आहे?”

गुरदीपने तोंड उघडलं, तोच क्लिफर्डने डोळा मारला. “तू गप्प बस. तुझं मी ठरवलंय.”

पबची रीतच अशी, की हाडवैरी टेबलावर असला तरी फेरी आणणारा त्यालाही काय घेणार ते विचारतो. क्लिफर्डने जन्मभर विचारलं होतं. आज मात्र त्याला जावयाचा मान राखायचा होता, आणि त्या नादात तो साधी रीत विसरला.

त्याने सोनेरी लेबलाची एक बाटली गुरदीपपुढे ठेवली, दुसरी स्वतः घेतली. “अस्सल आहे. तुमच्याकडची.”

गुरदीपने बाटली फिरवून पाहिली. दोघांनी घोट घेतला. गार, गोडसर, नुसता फेस. क्लिफर्डने तोंड वाकडं होऊ दिलं नाही. “कशी आहे? घरच्यासारखी?”

“काय माहीत. मीही पहिल्यांदाच पितोय.”

“म्हणजे?”

“मी हडर्सफील्डचा. वडील तिथे बस चालवायचे. आम्ही ती पितो.” त्याने रॉयच्या काळसर, कडू बिअरकडे बोट दाखवलं.

रॉय खो खो हसला. “कमाल आहे! बाटली आली सातासमुद्रापलीकडून आणि पाहुणा शेजारच्या गावचा!”

इथे क्लिफर्डने स्वतःही हसायचं होतं आणि काउंटरवरून एक ग्लास कडू बिअर आणायची होती. तेवढ्यावर भागलं असतं. पण दोस्तांसमोर फजिती झाली म्हणून त्याचं डोकं फिरलं.

“एवढी खटपट करून मागवली. पी की मुकाट्याने!”

गुरदीप प्यायला. शेवटच्या थेंबापर्यंत, सावकाश. मग म्हणाला, “मिस्टर हॉलरॉयड, तुम्ही या दोघांना विचारलंत. मलाही विचारायचं होतंत, बाकी काही नाही. जनीनला काय सांगू?”

“सांग काय सांगायचं ते!”

गुरदीपने तिघांशी हस्तांदोलन केलं आणि तो बाहेर गेला.

“ऊठ, लेका,” मॉरिस हळूच म्हणाला. “अजून गाडी उभी आहे.”

क्लिफर्डला उठायचं होतं. पण सगळ्या पबसमोरून जावयामागे धावायचं? तो बसून राहिला. गाडी सुरू झाली, वळली, आणि तिचा आवाज चढावावर विरून गेला.

मॉरीन टेबल आवरायला आली. “आत्ता गेले तेच का तुमचे जावई?”

रॉय आणि मॉरिस खाली बघू लागले.

“नाही,” क्लिफर्ड म्हणाला. “तो काही आला नाही.”