पुस्तकातली चकती

लाकडी पेटाऱ्याचं झाकण उचकटलं आणि भिंगकाकांना आधी ते पत्र आठवलं. पेटाऱ्यात भुशात नीट बसवलेला एक गिअरबॉक्स होता; कारखान्यात सगळे त्याला पेटी म्हणत. पण त्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या बारा वर्षांपूर्वीच्या सहा ओळी. ओळी पेन्सिलीने लिहिलेल्या होत्या, कारण लिहिणाऱ्या कारागिराच्या बोटांचं तेल कागदाला लागायचं आणि तेलकट कागदावर शाई धरत नसे.

‘आमची पेटी तुमच्याकडे रडली असं कळलं. नाकारलीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथे फिरवली तेव्हा ती गप्प होती. माझ्या हातून काय चुकलं ते दोन ओळींत कळवाल का? कळलं तर सुधारता येईल. नाही कळलं तर यापुढे प्रत्येक चाकापाशी हात थबकेल.’

दोन ओळी मागितल्या होत्या. भिंगकाकांनी अर्धीही पाठवली नव्हती.

‘राहून गेलं,’ असं ते मनाशी म्हणत. पण राहून जाणं वेगळं आणि ठेवून देणं वेगळं, हे एवढी पुस्तकं वाचलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं.

“हा तिसरा कुणी मागवला?” मालक लंगडत आत आले. एके काळी तेच शर्यतीची गाडी चालवत. एका वळणाने त्यांचा गुडघा घेतला, तेव्हापासून ते गाड्या बांधत. वर्षाला एकच गाडी, पण घरचं लग्न काढावं तशी. आता ती गाडी त्यांची भाची चालवायची.

“मी मागवला, मामा,” भाची म्हणाली. “मोठ्या कंपनीने पुढच्या हंगामापासून आपल्याला पेटी द्यायला नकार दिलाय. दुसऱ्या दोघांच्या आल्यात, पण ते दोघंही म्हणतात, आहे तशी घ्या. हा छोटा कारखाना आहे. सांगू तसा बदल करून देतात.”

मालकांनी पेटाऱ्यावरचं नाव वाचलं आणि कपाळाला हात लावला. “अगं, ही तर रडकी पेटी! मागे एकदा आणली होती. अशी रडली, अशी रडली, की हिच्यापुढे सासरी निघालेली मुलगी बरी. विचार भिंगकाकांना. काय हो काका?”

भाचीने मान वळवली. भिंगकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“आवाज... होता,” ते म्हणाले.

“ऐकलंस? उद्या परत पाठवून दे. शुक्रवारपर्यंत उरलेल्या दोघांतून एक ठरवायचाय.”

आवाज होता. शब्द खरे होते. खऱ्या शब्दांनी केलेलं खोटं फार टिकतं. हे तर बारा वर्षं टिकलं होतं.

*

भिंगकाकांचं काम तसं बघण्याचं. पेटीत अगदी शेवटी एक मोठं आणि एक लहान दातेरी चाक काटकोनात भेटतात. त्यांनी किती जवळ यायचं, हे कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या ठरवतात. चकत्या बरोबर असल्या तर चाकं एकमेकांशी हळू आवाजात बोलतात. केसाएवढी चूक झाली की रडू लागतात, आणि शर्यतीत रडणारी चाकं दात पाडून घेतात. भिंगकाका दात्यांना निळा रंग लावत, चाकं हाताने सावकाश फिरवत आणि रंग कुठे पुसला गेला ते भिंगातून पाहत. खूण दात्याच्या मधोमध, करंगळीच्या नखाएवढी उमटली की चिकटपट्टीने ती उचलून वहीत डकवत. त्यांच्या वह्यांत अशा शेकडो निळ्या खुणा होत्या. रिकाम्या वेळी त्या चाळताना त्यांना वाटे, ही कुठल्या तरी दूरच्या देशातली बेटं आहेत आणि आपण एकदा तरी तिथे जाऊन आलो आहोत.

बारा वर्षांपूर्वी त्या कारागिराच्या पेटीची खूण अशीच, मधोमध आली होती. ती वहीत डकवून भिंगकाकांनी चाकं सोडवली, रंग पुसला, सगळं टेबलावर मांडून ठेवलं आणि डबा खाल्ला. उरलेल्या वेळात एक जाडजूड कादंबरी उघडली. तीत एका दीपगृहाचा रखवालदार येणाऱ्या बोटीची वाट पाहत होता. बोट दिसणार एवढ्यात भोंगा झाला. पानात घालायला काहीतरी हवं होतं. काकांचा हात टेबलावर गेला, हाताला काहीतरी पातळसं लागलं, त्यांनी ते पानात सरकवलं आणि पुस्तक पिशवीत टाकलं. मनात समुद्र घेऊन त्यांनी पेटी बंद केली.

चाचणीघरात मोटर लावून पेटी फिरवली, तर ती रडायला लागली. वही काढली, तर खूण उत्तम. मग मालक म्हणाले, “हाताने फिरवताना ठीक, जोर आला की दाते वाकतात. पोलाद कच्चं.” सगळ्यांना ते पटलं. भिंगकाकांनाही पटलं. मोठ्या कंपनीशी करार झाला, आणि महिन्याने ते पेन्सिलीचं पत्र आलं.

त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी काकांनी कादंबरी परत उघडली. पानात पोलादी चकती होती.

त्यांनी ती नखाने चाचपून पाहिली. मग पत्र तिच्याशेजारी ठेवून पुस्तक मिटलं. उद्या सांगू, असं म्हणत. तो रखवालदार आजही त्याच पानावर, बोट दिसायच्या आधीच्या ओळीत उभा होता.

*

“चहाचं पाणी झालं,” काकू म्हणाल्या.

भिंगकाका पुस्तकांच्या फळीपुढे उभे होते. खिडकीतून आलेलं संध्याकाळचं ऊन फळीच्या कडेवरून खाली घसरत होतं.

“काढा की खाली. बारा वर्षं नुसतं फडक्याने पुसताय.”

काका दचकले. “कुठलं?”

“कुठलं म्हणजे? तेच. बाकीच्या पुस्तकांवर धूळ, ते तेवढं लख्ख.” काकू मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “पहिली दोन वर्षं मला वाटायचं, कुणा बाईची पत्रं असतील आत. जळून जळून कोळसा झाले होते मी. मग एक दिवस तुम्ही कामावर गेल्यावर उघडून बघितलं. तर निघाला गिअरबॉक्स! माझ्या नशिबी सवतसुद्धा लोखंडाची.”

“पोलादाची,” काका पुटपुटले.

“आहाहा! तिची बाजू घ्या.”

“तू मला विचारलं का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले. वाट पाहणारे तुमच्या पुस्तकातच असतात, असं वाटलं की काय तुम्हाला?”

काका खुर्चीत बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगायला जेमतेम पाच मिनिटं लागली. बारा वर्षांचं ओझं पाच मिनिटांत मावतं, याची त्यांना लाज वाटली.

“फोन लावा त्यांना,” काकू म्हणाल्या.

फोन कारागिराच्या मुलीने उचलला. मागे यंत्राची घरघर होती.

“बाबांशी? बाबांना आता ऐकू येत नाही हो. चाकांनी कान खाल्ले त्यांचे. तळहात ठेवून पारखतात, बोट लावलं की सांगतात काय दुखतंय ते. तुम्ही कोण?”

“मी... ते, पेटी तपासणारा.”

पलीकडे यंत्र बंद झालं. “पेटी बरी आहे ना?” मुलीचा आवाज एकदम खाली आला. “ती मी केलीय. बाबांनी तुमच्या त्या पेटीनंतर शर्यतीचं काम घेतलंच नाही. गिरण्यांची, पंपांची चाकं पाडली, एक एक चाक चारचारदा मोजत. ही पाठवतानाही म्हणाले, नको पाठवूस, आपल्या पोलादात काहीतरी खोट आहे, मला सापडली नाही.”

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “पेटी नीट पोचली,” ते म्हणाले. “एवढंच सांगायचं होतं.”

त्यांनी फोन ठेवला. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मटाराची एक शेंग त्यांच्यापुढे सरकवली. काका ती बराच वेळ हातात धरून बसले, न सोलता.

*

सकाळी पेटाऱ्याला परत खिळे ठोकलेले होते. त्यावर भाचीने खडूने ‘परत’ असं लिहिलं होतं. भिंगकाकांनी पिशवीतून कादंबरी काढून मालकांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवली.

“मला कशाला? मी वर्तमानपत्रसुद्धा मागून वाचतो,” मालक म्हणाले.

“उघडा.”

पुस्तक आपोआप त्याच पानावर उघडलं. चकतीने कागदावर गंजाचं गोल वर्तुळ उठवलं होतं. मालकांनी चकती उचलून उजेडात धरली. त्यांना ती ओळखायला वेळ लागला नाही.

“ती पेटी रडली नव्हती,” भिंगकाका म्हणाले. “मी रडवली. ही आत घालायची राहिली. पोलाद चांगलं होतं. वहीतली खूणच खरी होती.”

“कधी कळलं तुम्हाला?”

“दोन महिन्यांनी.”

“मग बारा वर्षं काय करत होतात?”

काकांना पुष्कळ उत्तरं सुचली. सगळी चांगल्या भाषेत होती. “घाबरत होतो,” ते म्हणाले.

मालक उठून खिडकीशी गेले. बाहेर पत्र्याच्या छपराखाली उभी गाडी गिअरबॉक्सशिवाय मागून पोकळ दिसत होती. ते पाठमोरेच म्हणाले, “मी त्या माणसाला सगळीकडे रडका म्हणत फिरलो. चार जणांनी माझं ऐकून त्याचं काम बंद केलं असेल. तुम्ही ऐकत होतात.”

“हो.”

तोवर भाचीने चकतीशेजारचं पत्र वाचून संपवलं होतं. तिने पहार उचलली.

“मामा, खिळे काढू?”

“काढ.”

भिंगकाका पुढे झाले. “माझी एक विनंती आहे. पेटी बंद करताना चकत्या माझ्यासमोर हिने मोजाव्यात. मोठ्याने.”

त्या दिवशी काका नेहमीपेक्षाही सावकाश काम करत होते. निळा रंग, पुसट ऊन, तेलाचा गोडसर वास. चाकं फिरत होती, आणि एकेका दात्यावर तेच छोटं बेट वर येत होतं, मधोमध, जणू इतकी वर्षं धुक्यात होतं आणि आज धुकं उठलं. मुलीचा हात बापासारखाच होता.

“एक,” भाची मोजत होती. “दोन. दोन्ही आत. पुस्तकांची झडती घ्यायची का, काका?”

काकांना हसू आलं. मालक हसले नाहीत.

चाचणीघरात तिन्ही पेट्या एकामागून एक लावल्या. पहिली खणखणीत बोलली, दुसरी थोडी घोगरी. तिसरी फिरू लागली, तेव्हा भिंगकाकांना क्षणभर वाटलं, मोटर सुरूच झाली नाही. मग त्यांनी पेटीवर तळहात ठेवला. आत कुणीतरी ओठ मिटून, स्वतःशीच काहीतरी वाचत असावं, तसं काहीसं हाताला कळत होतं. जोर वाढवला, आणखी वाढवला. वाचन चालूच राहिलं. काकांनी डोळे मिटले. दुसरा एक तळहात त्यांच्या हाताशेजारी येऊन टेकला. तो मालकांचा होता.

“आठशे ग्रॅमने जड आहे बाकीच्यांपेक्षा,” मालक शेवटी म्हणाले.

“मी तेवढी कमी जेवेन,” भाची म्हणाली.

शुक्रवारी ठरलं. तिसरीच घ्यायची. मालकांनी स्वतः त्या मुलीला फोन केला. निघताना ते भिंगकाकांच्या टेबलापाशी थांबले.

“निळं तुम्हीच बघायचं. तसं बघणारा दुसरा माझ्याकडे नाही. पण पेटी यापुढे भाची बंद करेल.”

“बरोबर आहे,” काका म्हणाले. त्यांनी चकत्यांची चपटी डबी खणातून काढली, झाकण फडक्याने पुसलं आणि भाचीच्या टेबलावर नेऊन ठेवली. चोवीस वर्षं ती त्यांच्या उजव्या हाताला होती. नंतरही दोनदा त्यांचा हात त्या जागेकडे गेला.

*

रविवारी ते उत्तर लिहायला बसले. पहिला मसुदा चार पानांचा झाला, त्यात दीपगृहसुद्धा आलं. दुसऱ्यात क्षमा हा शब्द सहा वेळा आला. काकूंनी दोन्ही वाचले.

“छान लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “पण यात ते कुठेच नाहीत. सगळीकडे तुम्हीच आहात.”

काकांनी तिसरा कागद घेतला. पेन खाली ठेवलं आणि पेन्सिल उचलली. दोन ओळी मागितल्या होत्या.

‘तुमच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. चकती माझ्या पुस्तकात राहिली होती, ती आणि त्या वेळची खूण सोबत पाठवतो आहे.’

बारा वर्षांपूर्वीच्या वहीतून त्यांनी निळी पट्टी सोडवली. ती चकतीबरोबर कागदात गुंडाळून पाकिटात घातली. पुस्तक टेबलावर मिटून पडलं होतं, आत आता गंजाच्या वर्तुळाशिवाय काहीच खूण नव्हती.

रस्त्याच्या कोपऱ्यावर टपालपेटी होती. काकांनी पाकीट तिच्या तोंडाशी धरलं, तेव्हा त्यांना दिसलं की पत्त्याशेजारी आपल्या अंगठ्याचा निळा ठसा उमटला आहे. नवं पाकीट आणावं, पत्ता पुन्हा नीट लिहावा, उद्या टाकावं, असं नेहमीसारखं मनात आलं.

त्यांनी बोटं सोडली. आत, तळाशी, पोलादाचा एक बारीक आवाज झाला.