टाचणीची रेघ

कपड्यांच्या साबणाच्या वडीवर टाचणीने ओढलेली एक रेघ होती. लांबी वडीच्या रुंदीएवढी, खोली नखाच्या टोकाएवढी. आजच्या धुण्याला साबण या रेघेपर्यंतच झिजावा, असा तिचा अर्थ. ती रोज सकाळी कोण ओढतं, हे शेवंतीला दोन वर्षं ठाऊक होतं. आज पाहुण्यांच्या चादरी धुऊन झाल्या तेव्हा वडी रेघेच्या बरीच पलीकडे गेली होती.

मुलुंडच्या या इमारतीत शेवंतीची चार घरं होती. धुणंभांडी, महिना ऐंशी रुपये प्रत्येकी. दोन वर्षांपूर्वी बिल्डिंगमधल्या बायकांनी गच्चीवर बसून ठरवलं होतं की ऐंशीच्या वर कोणी द्यायचं नाही, आणि एकीचं काम सोडलेली बाई दुसरीने ठेवायची नाही. म्हणजे एक घर सुटलं की चारही सुटणार. गिरणीचा संप फसल्यापासून तिच्या नवऱ्याला, धाकूला, धड काम नव्हतं. म्हणून सोडायचं मनात येऊनही शेवंती तोंड उघडत नव्हती.

या घरच्या पद्मजावहिनी मोरीच्या दारात आल्या. त्यांनी वडी उचलून उजेडात धरली.

"साबण खातेस का गं?"

"सहा चादरी होत्या, वहिनी."

"सहा असोत नाहीतर सोळा. वडीचे पैसे पगारातून कापणार."

"कापा. मग चादरींचे वर द्या."

"का? चादरी म्हणजे कपडे नाहीत?"

"पाहुणे बोलीत नव्हते."

"बोली!" पद्मजावहिनी हसल्या. "वकीलच झालीस की. रेट ठरलाय आमचा."

"तुमचा तुम्ही ठरवलात. त्या दिवशी गच्ची मीच झाडून दिली होती. सतरंजीपण मीच घातली. मला कोणी विचारलं?"

"तुला काय विचारायचं? नवरा घरी लोळतोय आणि हिची मिजास बघा. जा, बघ दुसरं काम. या बिल्डिंगमध्ये कोण दारात उभी करते तेच बघते मी."

पुढचं दार उघडं होतं. समोरच्या जयंतीवहिनी, म्हणजे शेवंतीचं दुसरं घर, आपल्या दाराच्या फटीतून ऐकत होत्या. शेवंतीने तिकडे पाहिलं. फट हळूहळू बंद झाली. कडी लागल्याचा आवाज आला.

शेवंतीने हात धुतले. साबण न लावता, नुसत्या पाण्याने. चादरी बादलीत तशाच होत्या, न पिळलेल्या.

"आधी त्या पीळ," पद्मजावहिनी म्हणाल्या. "मग कर नाटकं."

शेवंतीने पदराला हात पुसले, चप्पल पायात सरकवली आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. वरच्या दोन्ही मजल्यांवर ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"उद्यापासून मी येणार नाही. नुसतं तुमच्याकडेच नाही, चारही घरी येणार नाही."