टिटवीची पट्टी

सावली गावाच्या वाटेवर, म्हाताऱ्या गाई सांभाळणाऱ्या पांजरापोळीच्या कुरणाच्या बांधावर नलिनी थांबली आणि तिनं वाकून गवताला वीत लावली. भाद्रपद लागला होता. या दिवसांत गवत गाईच्या पोटाला लागावं. इथे ते जेमतेम वीतभर, आणि तेही काविळीतून उठल्यासारखं पिवळं.

सल्ला तिचाच होता. बडोद्याच्या कॉलेजात ती मातीचा विषय शिकवायची. जुनं गवत विरळ झालंय, नांगरून काढा, नवं पेरा, असं तिनं उन्हाळ्यात लिहून दिलं. अर्धं कुरण नांगरलं, बियाणं यायला तीन आठवडे उशीर झाला, आणि तेवढ्यात पाऊस झोडपून गेला. उरलेलं अर्धं येत्या वैशाखात नांगरायचं होतं. त्यासाठी आज तिची सही हवी होती. तेही असंच पिवळं पडलं, तर पांजरापोळीतल्या बासष्ट म्हाताऱ्या गाईंना दुसरं दार नव्हतं.

"केम छो, बेन?" गुराखी रायमलभाई काठी टेकत आला. "तुमचं गवत माझ्या बुटक्या जावयासारखं निघालं. खातं बहु, वाढत नाय."

नलिनीला हसू आलं नाही. तिची नजर खाली तळावाकडे गेली होती. तिथे काठाकाठानं दहा पावलं रुंदीची एक पट्टी, गुडघाभर, काळीभोर हिरवी. जुनंच गवत.

"तिथे नांगर नाही फिरला?"

"ट्रॅक्टर बगडला होता."

"रायमलभाई!"

म्हाताऱ्यानं काठीच्या टोकानं माती उकरली. "टिटोडीनं इंडां घातली होती, बेन. चार. ड्रायव्हरला चहा पाजला, म्हटलं एवढं राहू दे. तुम्हाला नाय सांगितलं. शिकलेलं माणूस, हसाल."

नलिनी पट्टीत जाऊन बसली. मुळांची जाळी बोटांनी उकलली, ओली माती नाकाशी नेली, आणि तिला सगळं उमगलं. जुन्या मुळांनी वर्षानुवर्षं साठवलेला कस नांगरानं एका झटक्यात मोकळा केला. प्यायला नवं मूळ नव्हतं. पाऊस आला, कस घेऊन उताराला लागला. मुरला तेवढा खोल गेला, तळावाकडे निघाला तो या पट्टीनं वाटेत अडवून पोटाशी धरला.

"माझं चुकलं," ती हळूच म्हणाली.

"टिटोडीपण चुकली की! टिटोडीनं सखल जागी इंडां घातली, म्हणजे पाऊस बेताचा, असं म्हणतात. कुठे बेताचा? पण पिल्लं तर पावसाआधीच चालती झाली." रायमलभाईनं तिच्या शेजारी बसकण मारली. "रडता काय, बेन? पिल्लं जगली ना."

इतक्यात पांजरापोळीचे कारभारी प्रतापसिंहराव कागद घेऊन आले.

"ताई, सही."

"नाही करत. सबंध नांगरायचा सल्ला चुकीचा होता."

"अहो, त्या सल्ल्यासाठी मी विश्वस्त मंडळींशी भांडलो! आता त्यांना काय सांगू?"

"सांगा, बाईंचं चुकलं. वाटल्यास मी येऊन सांगते."

प्रतापसिंहरावांनी कागद उलटून कोरी बाजू वर केली. मग त्यांनी पेन पुढे केलं. "येऊ नका. लिहून द्या. तुम्ही समोर आलात की म्हातारे उगीच जास्त बोलतात."

कागद गुडघ्यावर ठेवून तिनं लिहिलं. उरलेल्या अर्ध्यात जुनं गवत राहू द्यावं. मध्ये नुसत्या रेघा ओढून बी सोडावं, तेही बियाणं हातात आल्यावरच. तळावकाठची पट्टी कधीही नांगरू नये. तिचं गवत कापून गाईंना घालावं आणि शेण वरच्या पिवळ्या अर्ध्यात पसरावं.

"म्हणजे वरचं गेलेलं पाछुं, परत वरती?" रायमलभाईनं विचारलं.

"सगळं नाही. सापडेल तेवढं."

त्यानं कंबरेचा विळा काढला. पहिला भारा बांधून होताच नलिनीनं पदराची चुंबळ केली आणि मान वाकवली. भारा ओला होता, जड होता. पिवळ्या गवतातून ती गोठ्याकडे चढू लागली, आणि तळावावरून टिटवी टिवटिवत तिच्या डोक्यावरून गेली.