गार वायर

चांगुणाबाईंनी स्टुलावर चढून डोक्यावरून गेलेली काळी वायर मुठीत धरली आणि खाली उभ्या असलेल्या भाच्याकडे पाहिलं. मिरची कांडायची दोन्ही यंत्रं सकाळपासून धडधडत होती.

"ये, तूही धरून बघ. माठासारखी गार आहे."

ललित हसला नाही. अंबडच्याच एका कारखान्यात तो इलेक्ट्रिकचं काम बघायचा. मावशीची शेड वाटेवर, म्हणून चहाला टेकला होता. मागच्या भिंतीला लागून उभा राहिलेला नवा ट्रान्सफॉर्मर खिडकीतून दिसला आणि चहा तसाच राहिला.

रोजच्या चालण्याला ही वायर पुरते, म्हणूनच गार लागते, असं तो समजावत होता. पण कुठं शॉर्ट झालं तर गोष्ट वेगळी. जुना ट्रान्सफॉर्मर लहान होता, लांब होता. हा एवढा मोठा उशाशी आलाय, म्हणजे करंटचा लोंढाच येणार. ब्रेकर पडेपर्यंत तो वायरीला अंगावर सोसावा लागतो, आणि ही एवढी बारीक, ती नाही सोसायची. त्यात दोन्ही यंत्रं एकदम लावली की ब्रेकर पडतो म्हणून मावशीनं तोही गेल्या वर्षी मोठा बसवून घेतलेला. म्हणजे तो आणखी उशिरा पडणार.

"तोवर वायर पेटलेली असेल, मावशी. आणि खाली बायका बसतात."

चांगुणाबाई उतरल्या. नवऱ्यामागं उखळ-मुसळापासून ही शेड त्यांनी उभी केली होती, आणि ही वायरही त्यांनीच दुकानदाराशी हुज्जत घालून आणली होती. चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण तव्याचा ताप आणि लेकराचा ताप त्यांच्या तळहाताला कधी चुकला नव्हता. ऐन चैत्रात, मिरचीचे ढीग लागलेले असताना, यंत्रं बंद ठेवून नवी वायर ओढायची?

"तुझ्या बारशाला जेवलेय मी. नाही नाही ते बोलून माझ्या बायका पळवू नकोस."

तो गेला. जाताना एवढंच म्हणाला, की वायर बदलेपर्यंत यंत्रं लावू नकोस. चाळायला बसलेल्या बायकांनी ऐकलं, पण कुणी मान वर केली नाही. मग जेवणाची सुट्टी झाली, यंत्रं थांबली, बायका बाहेर नळावर गेल्या.

हात धुवून परतल्या तेव्हा झोळी जागेवर नव्हती. चांगुणाबाईंची सून तृप्ती बाळाला रोज वायरीखालच्या खांबांना, सगळ्यांच्या मधोमध टांगायची. आता झोळी दाराशी होती, आणि चांगुणाबाई तिची शेवटची गाठ आवळत होत्या.

"इकडं का आणलं, आत्याबाई?" तृप्तीनं विचारलं.

"तिकडं मिरचीचा खकाणा उडतो."

हरसूलकडची लंकाबाई दारातच थबकली. खकाणा कुठं जातो हे शेडमधल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. मागच्या खिडकीतला वारा तो दाराकडंच लोटायचा, म्हणून तर दाराशी कुणी बसत नसे. तिनं झोळीकडं पाहिलं, मग वर वायरीकडं. आत गेली, आपली चाळण आणि घमेलं उचलून आणलं आणि झोळीला खेटून बसली. नाकावर पदर बांधला. तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. पोती ओढल्याचा तेवढा आवाज होत होता. कुणी तोंडातून शब्द काढला असता तर चांगुणाबाईंकडं उत्तर तयार होतं.

बघता बघता वायरीखालची फरशी रिकामी झाली.

"सुट्टी संपली," लंकाबाई पदराआडून म्हणाली. "लावा ना मशीन, मालकीणबाई."

बटणं मागच्या भिंतीवर होती. त्यांना हात लावायचा मान चांगुणाबाईंनी आजवर दुसऱ्या कुणाला दिला नव्हता. त्यांनी पदर खोचला आणि रिकाम्या फरशीवरून चालू लागल्या. निम्म्यात पोचल्या तोच मागं झोळीची दोरी करकरली. तृप्ती बाळाला घेऊन पार रस्त्यापर्यंत गेली, हे त्यांना न वळताच कळलं.