तीन पौंडांची कमान

"ओढ," ऑर्व्हल म्हणाला.

मार्लिसने मासे तोलायच्या काट्याच्या आकड्यात उजवा अंगठा अडकवला आणि ओढलं. काट्याचं दुसरं टोक त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलाला बांधलं होतं. काट्याची सुई थरथरत वर गेली आणि थांबली.

"किती?"

"चार. आणि जरासं वर."

"जरासं म्हणजे? तीस वर्षं धान्याच्या गोदामात ट्रक तोललेत मी. मला 'जरासं' सांगू नकोस."

"चार पौंड, दोन औंस."

"आणि गेल्या रविवारी पावणेपाच. मासा लहान होत चाललाय, म्हाताऱ्या."

तिने अंगठा सोडवून घेतला आणि दुसऱ्या हाताने चोळायचा प्रयत्न केला. दुसरा हात म्हणजे डावा. तो वसंतातच गेला होता. बिलिंग्ज शहरातल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव एका कागदावर लिहून दिलं होतं. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा एकेक करून वाळतात, पुन्हा बऱ्या होत नाहीत, एवढं त्यांनी तोंडी सांगितलं होतं.

मार्लिसचं रिव्हॉल्व्हर जुन्या पद्धतीचं होतं. प्रत्येक गोळीला मागचा घोडा अंगठ्याने ओढून चढवायचा, मगच चाप दाबायचा. त्यांच्या नेमबाजीच्या क्लबात सगळ्यांची हत्यारं अशीच. महिन्यातून एका शनिवारी तीस-चाळीस माणसं जुन्या काळचे कपडे घालून, जुन्या काळची खोटी नावं लावून, गावाबाहेरच्या खाणीत लोखंडी पाट्यांवर नेम धरत. मार्लिस तिथे 'तराजू केट' होती. एकोणीस वर्षांत तिने एकही शनिवार चुकवला नव्हता. सप्टेंबरचा पहिला शनिवार हा या मोसमातला शेवटचा होता आणि तो तिला स्वतःच्या अंगठ्याने खेळायचा होता.

"माझ्यासाठी घोडा दुसऱ्या कुणी ओढायचा नाही," तिने नवऱ्याला सांगून टाकलं होतं. "तूसुद्धा नाही. मग ती तुझी नेमबाजी झाली, मी नुसती बघायला आलेली."

म्हणून ऑर्व्हल कामाला लागला. आयुष्यभर त्याने कुरणांमधले विहिरींचे पंप दुरुस्त केले होते, लोखंड त्याच्या हाताला ओळखीचं होतं. त्याने अक्रोडी लाकडाची मूठ कानशीने आणि काचकागदाने उतरवून तिच्या बोटांइतकी बारीक केली. घोड्याचं शेपूट तापवून खाली वाकवलं, म्हणजे अंगठ्याला कमी वर जावं लागेल. मग आतली कमान, म्हणजे स्प्रिंग. घोडा जड लागतो तो तिच्यामुळे, आणि काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर तो जोरात आपटतो तोही तिच्यामुळेच. मूळची कमान साडेसहा पौंड ओढ मागायची. ती त्याने पातळ घासून पाचावर आणली. मग दुसरी आणली, ती चारावर.

जुलैच्या शेवटी तो डेल्बर्ट सोरमबरोबर खाणीत गेला. डेल्बर्ट क्लबात वेळ मोजायचा. घड्याळाची पेटी खांद्याला अडकवून तो सगळ्यांच्या मागे उभा असायचा.

साडेतीन पौंडांच्या कमानीवर पाचही गोळ्या उडाल्या. तीनवरही उडाल्या. पावणेतीनवर घोडा पडला आणि नुसता आवाज आला.

"टोपी कडक असेल," डेल्बर्ट म्हणाला.

"यापेक्षा मऊ टोपी मिळत नाही. तूच आणून दिलीस."

पाचातल्या दोनच उडाल्या. उरलेल्या तीन काडतुसांच्या बुडावर घोड्याने टोचल्याची उथळ खूण होती. ऑर्व्हल ती चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिला.

"तीन म्हणजे तीनच," तो शेवटी म्हणाला.

"आणि तिचा अंगठा कितीवर आहे?"

"सव्वातीन."

डेल्बर्टने घड्याळाची पेटी खांद्यावर सरकवली. "त्या शनिवारला अजून पाच आठवडे आहेत रे," तो म्हणाला.

घरी परत आल्यावर ऑर्व्हलने रिव्हॉल्व्हरच्या पोलादाला रंग चढवायला घेतला. जुना निळसर काळा रंग ठिकठिकाणी उडाला होता. बाटलीतला बाजारी रंग त्याला नको होता. जुन्या रीतीत पोलादावर गंज आणणारा द्रव पुसायचा, दमट हवेत टांगून त्यावर तांबडा गंज चढू द्यायचा, मग ते शुद्ध पाण्यात उकळायचं. उकळताना तांबडा गंज काळा होतो. लोखंड तेच, प्राणवायू तोच, फक्त त्यांची जुळणी बदलते. वरची पूड मऊ ब्रशने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. असं सात-आठ वेळा.

मोन्टानाच्या कोरड्या हवेत दमटपणा फक्त न्हाणीघरात मिळायचा. मार्लिसला तो आता रोज आंघोळ घालत होता. त्याच वाफेत पडद्याच्या दांडीला तारेने रिव्हॉल्व्हरची नळी टांगलेली असायची.

"ती बघतेय," मार्लिस म्हणाली. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती आणि तो तिच्या पाठीला साबण लावत होता.

"कोण?"

"ही. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली आणि आता न्हाणीघरात तिसरी आणलीस."

"तिला मी साबण लावत नाही."

"तिला मऊ ब्रश मिळतो. मला हा खरबरीत हात."

तो हसला. मग तिचा उजवा हात धुवायला घेतला. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, तिथे खळगा पडला होता. त्याने तिथून साबण हळूच धुऊन काढला आणि हात टॉवेलावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी मोजण्याआधी त्याने काट्यामागचा बारीक स्क्रू अर्धा फेरा फिरवला.

"तीन पौंड, चार औंस," त्याने वाचलं.

"म्हणजे पंधरा दिवसांत काहीच उतरला नाही?"

"काहीच नाही. टिकलाय."

तिने आपल्या अंगठ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ऑर्व्हल, कपाटातली साखरेची पिशवी आण. चार पौंडांची, न फोडलेली."

"कशाला?"

"आण तर खरी."

त्याने आणली. तिने आकड्याला लावायला सांगितलं, त्याने काटा टेबलाच्या कडेवरून खाली सोडून लावली. सुई पाचाच्या जवळ जाऊन थांबली.

"गोदामात एक शेतकरी होता," मार्लिस म्हणाली. "ट्रकमध्ये सीटखाली दगड ठेवून यायचा. मी त्याला कधी ओरडले नाही. नुसती खाली उतरायचे आणि दार उघडायचे."

"मार्लिस..."

"खरं किती, ते सांग."

त्याने स्क्रू परत फिरवला आणि तिने अंगठा अडकवला. तिने स्वतःच वाकून बघितलं.

"अडीच," ती म्हणाली. "बरं."

"मी अजून घासतो. वेगळी कमान बघतो, तारेची..."

"तीनखाली उडत नाही. डेल्बर्टने त्याच दिवशी सांगितलं मला. तुझ्यासारखा तो खोटं बोलत नाही, त्याला जमतच नाही."

"मग शनिवारच्या यादीतून नाव काढून घेऊ का?"

"नाव राहू दे," ती म्हणाली. "आणि रंग पूर्ण कर. तीन दिवसांचं काम उरलंय ना?"

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी ऊन चढायच्या आधीच खाण भरली. मार्लिस लांब तपकिरी झगा घालून आली. ऑर्व्हलने तिला रेषेपर्यंत धरून नेलं आणि तिच्या खुणेसरशी मागे सरला. आत तीन पौंडांची कमान होती, गोळ्या त्याने भरल्या. सहातली पाच घरं भरून घोड्याखालचं एक रिकामं, नेहमीसारखं. रिव्हॉल्व्हर तिच्या हातात गर्द काळं दिसत होतं, कोनात धरलं की निळं. मनगटाखाली टेकायला डेल्बर्टने वाळूची पिशवी ठेवली होती.

प्रत्येक नेमबाजाने सुरुवातीला त्या दिवशीचं ठरलेलं वाक्य म्हणायचं, त्यावर घड्याळ सुरू होतं. मार्लिसने समोरच्या पाच पाट्यांकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "वाट सोडा, मला उशीर होतोय!"

मागे दोघं-तिघं सवयीने हसले. घड्याळ वाजलं.

तिने अंगठा घोड्यावर ठेवला. या जुन्या रिव्हॉल्व्हरचा घोडा पूर्ण चढेपर्यंत चार वेळा टकटकतो. टक. मग बऱ्याच वेळाने, टक. अंगठा निसटला आणि घोडा परत खाली गेला. तिने तो परत ठेवला. टक. तिची मान ताणली गेली होती, खांदा वर आला होता. ऑर्व्हलचा स्वतःचा उजवा अंगठा खिशात वाकला होता आणि ते त्याला कळत नव्हतं.

अंगठा पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा पहिलं टकसुद्धा झालं नाही.

तिने रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं, नळी पाट्यांकडे करून, अगदी नियमाप्रमाणे. डेल्बर्ट घड्याळाकडे बघत होता. ते फक्त गोळीचा आवाज टिपतं, त्यामुळे त्याच्यावर शून्याशिवाय काही नव्हतं.

"केट," तो खालच्या आवाजात म्हणाला, "ही फेरी मोजायलाच नको. आपण म्हणू घड्याळ बिघडलं."

"घड्याळ ठीक आहे," मार्लिस म्हणाली. "मी रेषेवर आले, वाक्य म्हटलं. इतरांचं मोजता तसं माझं मोज."

डेल्बर्टने ऑर्व्हलकडे बघितलं. ऑर्व्हलने होकारार्थी मान हलवली.

चुकलेले नेम मोजायला तीन माणसं तीन बाजूंना उभी असतात. डेल्बर्ट त्यांच्याकडे वळला आणि नेहमीच्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "तराजू केट! चुकले किती?"

मग डावीकडच्या म्हाताऱ्याने टोपी काढून काखेत धरली आणि हात वर केला. उजवीकडच्याने केला. मधल्या बाईनेही केला. तिघांच्या हातांची पाचही बोटं पसरलेली होती, पाचातले पाच चुकले. आणि कागदावर आकडा लिहून झाल्यावरही मार्लिस वळेपर्यंत त्यातला एकही हात खाली आला नाही.